बाग विकण्याआधी चार तासांची एक तपासणी

पत्र असं आहे:

‘डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा. तेराव्या वर्षी डायबेटिस निघाला, तेव्हापासून इन्सुलिनवर आहे. अंबडला एका वर्कशॉपमध्ये कामाला जातो. गेलं दीड वर्ष चार घास खाल्ले की पोट गच्च होतं आणि रात्री उलटी होते, तीही दुपारच्या जेवणाची. डाळीचे दाणे अख्खे दिसतात. वजन ६२ किलोवरून ५१ वर आलं. दुर्बीण घातली तेव्हा बारा तास उपाशी असूनही पोटात अन्न दिसलं, बाकी अल्सर, गाठ काही नाही. कागदावर “गॅस्ट्रोपॅरेसिस” (जठर मंद पडणं) लिहून दिलं आणि गोळ्या दिल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) १०.८ टक्के आहे. काका म्हणतात नाटकं करतो, आत्या म्हणते लग्न लावून द्या. आई दृष्ट काढते, रात्री इसबगोल देते आणि जेवला नाही की त्या दिवशी इन्सुलिन घेऊ देत नाही. अमेरिकेतला मावसभाऊ सांगतो की तिकडे पोटाला पेसमेकर बसवतात, करंटने पोट पुन्हा चालायला लागतं. वडील दिंडोरीकडची अर्धा एकर द्राक्षबाग विकायला निघालेत. विकावी का? आईचाही एक प्रश्न आहे: त्याने आपल्या बागेतली द्राक्षं खाल्ली तर चालतील का? – एक बहीण, म्हसरूळ, नाशिक’

ताई,

तुम्ही विचारलंय बागेबद्दल, पण मी अडकले ते इन्सुलिनच्या ओळीवर. जेवला नाही म्हणून इन्सुलिन नाही, हे आजच्या आज थांबवा. यंत्र, बाग, पैसा हे सगळं पुढच्या महिन्यात पाहता येईल.

तुमच्या भावाचा डायबेटिस टाइप १ चा दिसतो. त्याच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ तयार होत नाही आणि इन्सुलिन उपाशी माणसालाही लागतं. ते बंद केलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन साठतात, रक्त आंबट होतं आणि उलट्या सुरू होतात. म्हणजे उलटी झाली म्हणून इन्सुलिन बंद आणि इन्सुलिन बंद म्हणून आणखी उलटी. या चक्रात माणूस एका दिवसातसुद्धा आयसीयूत जातो. मी नाशिकरोडला चौतीस वर्षं दवाखाना चालवला, त्यात अशी मुलं रिक्षातून उतरवून घेतलेली मला आठवतात. प्रत्येक वेळी सोबतच्या आईचं वाक्य ठरलेलं असायचं: ‘पोटात काही नव्हतं हो, मग इंजेक्शन कसं द्यायचं?’

आईला रागावू नका. तिची भीती अर्धी खरी आहे. जेवणाआधीचं इन्सुलिन वेळेवर कामाला लागतं, पण अन्न मात्र पोटातच बसून राहतं. साखर खाली जाते, त्याला घाम फुटतो, हात थरथरतात. मग मध्यरात्री ते अन्न सावकाश पुढे सरकतं आणि सकाळी साखर तीनशेच्या वर. आईने हे पाहिलेलं असणार. यावर उपाय आहे. दिवसभर पुरणारं जे संथ इन्सुलिन असतं ते कधीच बंद करायचं नाही. गरज पडली तर डॉक्टर त्याचा डोस कमी करतील. जेवणाचं जे झटपट इन्सुलिन असतं त्याची वेळ आणि मात्रा बदलता येते. काही जणांना ते जेवणानंतर देतात, काहींना दोन भागांत. हे घरी ठरवायचं नाही, साखरेच्या नोंदींची वही घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं. लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात, एक डबी घरात ठेवा. उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही, श्वास जोरजोरात चाललाय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय किंवा तो गुंगीत जातोय, यातलं काहीही दिसलं तर सिव्हिल असो की खाजगी, थेट तातडीच्या विभागात. ‘गॅस्ट्रोपॅरेसिसची नेहमीची उलटी’ म्हणून घरी वाट पाहायची नाही.

आता पोटाकडे येते. काकांना हे वाचून दाखवा.

आपल्या जठराच्या भिंतीत काही खास पेशी असतात. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाने त्यांना काहाल पेशी म्हणतात. याच काहालना १९०६ साली मज्जासंस्थेवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. या पेशी मिनिटाला साधारण तीन या ठेक्याने विजेच्या लहरी उठवतात. मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची लांबलचक नस त्या ठेक्याला जोर देते. मग जठराचा खालचा भाग घुसळायला लागतो, डाळ-भात वाटून एक-दोन मिलिमीटरचा बारीक चोथा होईपर्यंत दाराशी अडवून धरतो आणि तेवढाच पुढच्या आतड्यात सोडतो. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की या पेशी कमी होतात आणि नसही दुबळी होते. घुसळण मंदावते, दार नीट उघडत नाही. दुपारची डाळ रात्री अख्खी बाहेर येते ती यामुळे. डायबेटिसमधल्या या दुखण्याला १९५८ मध्ये गॅस्ट्रोपॅरेसिस हे नाव मिळालं. म्हणजे हे काही आजकालचं फॅड नाही आणि कोणी नाटक करून बारा तास पोटात अन्न धरून ठेवू शकत नाही. लग्नाने या नसा सुधारत नाहीत, एवढंच आत्याला सांगा.

आणखी एक गोष्ट, जी पुढे उपयोगी पडेल: साखर खूप वाढलेली असताना निरोगी माणसाचंही जठर मंदावतं. म्हणजे तुमच्या भावाच्या पोटाचा काही भाग कायमचा बिघाड असेल, तर काही भाग निव्वळ १०.८ ची करणी असेल. किती कुठला, हे साखर आटोक्यात आणल्याशिवाय कळणार नाही.

मावसभाऊ म्हणतो ते यंत्र खरंच आहे. एन्टेरा असं त्याचं नाव. पण त्याला पेसमेकर म्हणतात तिथेच घोटाळा होतो. हृदयाच्या पेसमेकरने एक ठोका विजेचा दिला की हृदय एकदा आकुंचन पावतं. विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबलं की पाणी आलं, तसं. तुमच्या वडिलांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र असणार: बटण दाबलं, पोट चालू. हे यंत्र तसं चालत नाही. जठराला खरोखर त्याच्या ठेक्यावर हाकायचं तर लांब, जोरकस स्पंदनं लागतात आणि त्याला इतकी वीज लागते की शरीरात बसवायच्या छोट्या बॅटरीला ते परवडत नाही. म्हणून एन्टेरा दुसरंच काहीतरी करतं. ते दर पाच सेकंदांनी दोन अगदी बारीक स्पंदनं सोडतं. प्रत्येक स्पंदन ३३० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे सेकंदाच्या तीन हजाराव्या भागाइतकं, आणि करंट सुरुवातीला ५ मिलिअँपिअरच्या आसपास. अशी मिनिटाला बारा वेळा, म्हणजे जठराच्या स्वतःच्या ठेक्याच्या चौपट. एवढ्याशा विजेने जठराचा स्नायू आकुंचन पावत नाही. तुम्ही विचारलं नाही, पण आई विचारेल म्हणून सांगते: शॉकही बसत नाही, बहुतेकांना काही जाणवतही नाही.

मग उपयोग कसला? ती वीज नसांमार्फत वर मेंदूतल्या मळमळ-उलटीच्या केंद्रापर्यंत काहीतरी निरोप पोचवते आणि जठराचा वरचा भाग थोडा सैल करते, असं आजवरच्या अभ्यासांतून दिसतं. नेमकं कसं, यावर जाणकारांत अजून वाद आहे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पाटाला पाणी आधी जितकं येत होतं तितकंच येतं, फक्त त्यावरून होणारी भांडणं कमी होतात. उलट्यांनी ज्याचं जगणं अवघड झालंय त्याच्यासाठी भांडण कमी होणं हीही मोठी गोष्ट आहे. पण ‘पोट पुन्हा चालायला लागतं’ या आशेवर जमीन विकत असाल, तर ती आशा हे यंत्र पुरी करत नाही.

आकडे सांगते, कारण अर्धा एकर बागेचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने मार्च २००० मध्ये या यंत्राला परवानगी दिली ती दुर्मिळ रुग्णांसाठीच्या मानवतावादी सवलतीखाली. या सवलतीत यंत्र सुरक्षित आहे आणि फायदा होण्याची शक्यता आहे एवढं दाखवलं तरी चालतं, गुण सिद्ध करावा लागत नाही. २००३ साली ३३ रुग्णांवरचा अभ्यास आला. यंत्र सगळ्यांना बसवलं, पण एक महिना चालू आणि एक महिना बंद ठेवलं, कुठल्या महिन्यात काय ते रुग्णालाही कळू दिलं नाही. चालू असताना उलट्या कमी झाल्या. २०१० साली फक्त डायबेटिसच्या ५५ रुग्णांवर अभ्यास झाला. यंत्र बसवल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत उलट्या निम्म्याहून कमी झाल्या, सगळे खूश. पण नंतर लपवून चालू-बंद करून पाहिलं तेव्हा दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. सगळ्यांत मोठा अभ्यास फ्रान्सचा, २०२० साली छापून आला. १७२ रुग्ण, चार महिने चालू, चार महिने बंद. चालू असताना उलट्या कमी झाल्या, डायबेटिस असलेल्यांच्याही आणि नसलेल्यांच्याही. जठर रिकामं होण्याचा वेग मात्र वाढला नाही आणि एकूण जगण्याच्या दर्जातही फरक दिसला नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१४ मध्ये या उपचाराला हरकत घेतली नाही, पण ‘काही रुग्णांना अजिबात फायदा होत नाही’ हे संमती घेतानाच सांगा, असं डॉक्टरांना बजावलं.

आता दुसरी बाजू, कारण नुसती निराशा करायला मी हे लिहीत नाही. या यंत्राचा गुण ज्यांना येतो त्यांत डायबेटिसवाले पुढे असतात आणि ज्यांचा मुख्य त्रास मळमळ-उलटी असतो ते. ज्यांचं मुख्य दुखणं पोटदुखी किंवा फुगणं असतं, त्यांच्या पदरात कमी पडतं. तुमचा भाऊ पहिल्या गटात बसतो. म्हणून मी ‘नको’ म्हणत नाही, ‘आत्ता नको’ म्हणते आहे.

बसवतात कसं ते थोडक्यात. पूर्ण भूल देऊन, शक्यतो दुर्बिणीतून, जठराच्या दारापासून सुमारे दहा सेंटिमीटर अलीकडे स्नायूत दोन तारा एकमेकींपासून एक सेंटिमीटरवर टाचतात आणि त्या पोटाच्या कातडीखाली ठेवलेल्या चपट्या डबीला जोडतात. त्या डबीत बॅटरी. काही वर्षांनी बॅटरी संपते, तेव्हा पुन्हा छोटं ऑपरेशन. तारा सरकू शकतात. डबीभोवती पू झाला तर सहसा सगळं काढूनच टाकावं लागतं आणि ज्याची साखर चढलेली, वजन घटलेलं, त्याला पू होण्याची भीती जास्त. एमआरआय करायचा तर मर्यादा येतात, फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक पूर्ण वर्ज्य. तो वर्कशॉपमध्ये आहे, तेव्हा वेल्डिंगच्या मशीनजवळ उभं राहिलेलं चालेल का हेही आधी विचारून घ्यावं लागेल. आणि बसवलं की काम संपत नाही. करंट कमी-जास्त करायला पुन्हा पुन्हा जावं लागतं.

तर मग आता काय? पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या भावाची खरी तपासणी अजून झालेलीच नाही. दुर्बिणीत अन्न दिसलं ही खूण आहे, मोजमाप नाही. मोजमाप म्हणजे गॅमा कॅमेऱ्याची जठर रिकामं होण्याची तपासणी. अगदी कमी किरणोत्सारी पदार्थ मिसळलेलं ठरावीक खाणं देतात आणि चार तासांत त्यातलं किती पोटात उरलं ते पाहतात. मूळ पद्धतीत अंड्याचा पांढरा भाग, ब्रेड आणि जॅम असतो. घरी अंडं चालत नसेल तर आधी सांगा, आपल्याकडे इडलीवरही ही तपासणी करतात. चार तासांनी दहा टक्क्यांपेक्षा जास्त उरलं तर जठर मंद. वीस टक्क्यांपर्यंत सौम्य, पन्नासच्या वर अतिगंभीर. तपासणी केंद्रात ‘दीड-दोन तासांत होऊन जाईल’ असं म्हणाले तर हात जोडून सांगा की आम्हाला चार तासांचीच हवी, कारण दोन तासांवर थांबलेल्या तपासणीत खरा दोष निसटू शकतो. जठराचा वेग बदलणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. त्या सकाळी साखर २७५ च्या आत असावी, नाहीतर चढलेल्या साखरेनेच पोट मंद दिसेल आणि निदान फसेल.

त्याच खेपेला रक्ताच्या काही तपासण्या करून घ्या. टाइप १ डायबेटिसच्या माणसाला त्याच कुळातले इतर आजार होण्याची शक्यता जास्त असते: गहू न पचण्याचा सीलिॲक, थायरॉइडचा बिघाड, क्वचित अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा ॲडिसन्स. शेवटच्यात उलट्या आणि वजन घटणं हीच लक्षणं असतात. किडनीही पाहायला हवी, कारण सोळा वर्षांचा डायबेटिस आहे आणि किडनी थकली तरी मळमळतं. यातलं काही निघालं तर त्याचा उपचार यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

गोळ्यांबद्दल मला माझीच एक चूक सांगायची आहे. जेलरोडच्या एक निवृत्त शिक्षिका दोन वर्षं माझ्याकडे ‘ॲसिडिटी’ म्हणून येत होत्या. त्यांनाही डायबेटिस, त्यांनाही चार घासांत पोट भरायचं. मी त्यांना ॲसिडिटीच्या गोळीतच जठराला वेग देणारं लिव्होसल्पिराइड मिसळलेली कॅप्सूल देत राहिले. एक दिवस सही करताना हात थरथरतो म्हणाल्या. चेहरा गोठल्यासारखा, चाल आखडलेली. मी कंपवात समजून त्यांना न्यूरोकडे पाठवलं. त्यांनी माझी चिठ्ठी बघून विचारलं, ‘मॅडम, ही कॅप्सूल किती दिवस चालू आहे?’ कॅप्सूल बंद केली, काही महिन्यांत हात स्थिर झाला. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटच्या पिशवीतल्या गोळ्यांची नावं वाचायला लागले. तुम्हीही वाचा. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने असाच त्रास होऊ शकतो, कधी तोंडाच्या आणि जिभेच्या हालचाली कायमच्या बिघडतात, म्हणून अमेरिकेत २००९ पासून त्यावर मोठ्या अक्षरात इशारा छापतात की बारा आठवड्यांच्या पुढे चालवू नका. त्याच कामाचं डॉमपेरिडोन मेंदूला त्या मानाने कमी त्रास देतं, पण हृदयाचा ठोका बिघडवू शकतं, तेव्हा आधी ईसीजी हवा. या गोळ्या वाईट नाहीत, पण कोणती, किती दिवस आणि कशासोबत हे एका डॉक्टरच्या नजरेखाली हवं. तीन दवाखान्यांच्या तीन चिठ्ठ्या एकत्र चालवायच्या नाहीत. दुखण्यावरची ट्रामाडॉलसारखी गोळी चालू असेल तर तीही सांगा, तिने पोट आणखी मंदावतं. (इतर वाचकांसाठी जाता जाता: वजन उतरवायची आणि डायबेटिसची सेमाग्लुटाइडच्या जातीची इंजेक्शनंही जठर मंद करतात. ती चालू असताना असा त्रास झाला तर आधी ते डॉक्टरांच्या कानावर घाला.)

खाण्यात मात्र उद्यापासून बदल करता येईल आणि तो आईच्या हातात आहे. इसबगोल बंद. त्याने पोट साफ होतं हे तुमच्या-माझ्यासाठी खरं, पण ज्याचं जठर ढकलू शकत नाही त्याच्या पोटात असा चोथा साठून गोळा बनू शकतो. त्याच कारणाने कोशिंबीर, मटकीची उसळ, मक्याचं कणीस, शेवगा, पेरू, संत्र्याच्या फोडी सध्या बाजूला. मिसळीवर जीव असणारच, नाशिकचा आहे; पण मटकी, तर्री आणि फरसाण हे तिन्ही त्याच्या पोटाचे वैरी आहेत. द्यायचं काय? भाताची पेज, मुगाच्या डाळीचं कढण, मिक्सरमधून काढलेली मऊ खिचडी, गाळलेली आंबील, ताक, कुस्करलेला बटाटा, लाल भोपळा, अंडं चालत असेल तर मऊ अंडं. ताटभर दोनदा देण्याऐवजी वाटी-वाटी सहा वेळा. घट्ट पदार्थ सकाळी, संध्याकाळनंतर पातळ, कारण दुबळं जठरही पातळ पदार्थ बऱ्यापैकी पुढे सोडतं. तळलेलं आणि तुपात न्हालेलं नको, पण दुधातलं स्निग्ध बहुतेकांना सोसतं आणि ५१ किलोच्या माणसाला ते हवंही आहे. जेवण झालं की आडवं व्हायचं नाही. म्हसरूळला राहता, गजपंथाच्या पायथ्यापर्यंत सावकाश चालून यायचं. हे सगळं वाटायला किरकोळ वाटतं, पण डायबेटिसच्या रुग्णांना बारीक करून दिलेलं अन्न सोसतं आणि मळमळ-उलटी कमी होते, हे तुलना करून तपासलेलं आहे.

पैसा खर्च करायचाच असेल तर तो आधी दंडावर चिकटवायच्या साखरेच्या सेन्सरवर करा. निदान महिनाभर. दर काही मिनिटांनी साखर कुठे चाललीय ते दिसलं की जेवणाचं इन्सुलिन कधी द्यायचं याचा अंदाज डॉक्टरांना येतो, आणि आईलाही रात्री झोप लागते.

असं तीन महिने मनापासून करा. साखर उतरली, वजन घटायचं थांबलं, उलट्या आठवड्यातून एखाद्यावर आल्या तर यंत्राचा विषयच मागे पडेल. नाहीच जमलं, तर चार तासांच्या तपासणीचा कागद आणि उलट्यांची वही घेऊन मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या अशा पोटविकारतज्ज्ञाकडे जा जो जठराच्या हालचालींच्याच विकारांवर काम करतो. मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत यायचा प्रवास त्याला झेपेल, सोबत पातळ खाणं आणि इन्सुलिन ठेवा. त्यांना यंत्राबद्दल विचारा आणि जी-पोएमबद्दलही. जी-पोएम म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून जठराच्या दाराचा आखडलेला स्नायू आतून कापणं. शरीरात काही राहत नाही, बॅटरी नाही, भारतात ते होतं. प्रागच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये ४१ गंभीर रुग्णांवरचा अभ्यास छापला. खरं ऑपरेशन झालेल्यांपैकी ७१ टक्क्यांना सहा महिन्यांनी गुण होता, नुसती दुर्बीण घालून काढलेल्यांपैकी २२ टक्क्यांना. संख्या छोटी आहे, तरी तुमच्या भावासाठी माझा कल आधी तिकडे जातो. वजन फारच घसरलं तर जठर ओलांडून आतड्यात नळीने अन्न द्यायचा मार्गही असतो, त्याला घाबरू नका, तो काही काळापुरताही असू शकतो.

यंत्रच बसवायचं ठरलं तर सर्जनना तीन प्रश्न विचारा. तुम्ही स्वतः अशी किती बसवलीत? नंतर करंट जुळवायला कोण बसणार, किती वेळा यावं लागेल? बॅटरी संपेल तेव्हा नवी डबी इथे मिळेल का आणि तेव्हा किंमत किती धरायची? तिसऱ्या प्रश्नावर कोणी हसून उत्तर टाळलं तर उठून या. खर्च लाखांत असतो आणि तो एकदाच होत नाही. विमा किंवा सरकारी योजनेत काही बसतं का, हे त्यांच्याच काउंटरवर लेखी मागून घ्या. तोवर बागेचा व्यवहार करू नका. वडिलांनी कोणाला शब्द दिला असेल तर ‘तपासणी बाकी आहे’ एवढं सांगून मागे घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

भावाशी एकदा एकट्याने बोला. दीड वर्ष ज्याचं अन्न पोटात राहत नाही आणि घरात ज्याला नाटकी म्हणतात, त्याने स्वतःच कधीतरी इन्सुलिन चुकवलं असेल, लपवून उपाशी राहिला असेल. त्याला रागावून विचारू नका, पण विचाराच. आणि त्याला हे यंत्र हवंय का, हे पत्रात कुठेच नाही. तेही विचारा.

आता आईचा प्रश्न. द्राक्षं अख्खी नको. साल आणि चोथा त्याच्या जठराला पुढे ढकलता येत नाही. पण सोलून, वाटून, गाळलेला रस पातळ असतो, तो जाईल. अर्थात त्यात साखर भरपूर, तेव्हा जेवणासोबत रोज पेलाभर नाही. साखर ७० च्या खाली उतरली, घाम फुटला, तर पहिला मान पाण्यात कालवलेल्या ग्लुकोजच्या पुडीला, बिस्किटाला नाही, कारण बिस्किट पोटातच अडकून बसेल. ग्लुकोज हाताशी नसेल तेव्हा आपल्या बागेतल्या द्राक्षांचा अर्धा कप गाळलेला रस चालेल. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर बघायची, वर आली नसेल तर परत तेवढाच. तो गुंगीत असेल तर मात्र तोंडात काही ओतायचं नाही, उचलून दवाखान्यात न्यायचं.